एका डब्याला दोन दोऱ्या

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. पत्र्याच्या छताची एक लांबट खोली आहे असं समजा. तिला समोरासमोर दोन खिडक्या, मध्ये एक टेबल, आणि तुमच्याच वयाची एक मुलगी स्टुलावर चढून भिंतीवरची मोठी स्क्रीन ओल्या फडक्यानं पुसते आहे. फडकं काळं झालंय. स्क्रीन पुसून होते न होते तोच तिच्यावर पुन्हा धुळीचा थर बसतो, कारण दोन तासांपूर्वी खाणीच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर आला होता आणि ती धूळ अजून हवेतच आहे. मुलगी फडकं पिळते, पुन्हा पुसते. तिला स्क्रीनवरचे दिवे स्वच्छ दिसायला हवेत.

खाणीवर तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. त्या दिवशी मात्र ती दुपारपासून खोलीबाहेर पडली नव्हती.

स्क्रीनवर खाणीतल्या प्रत्येक माणसाचं नाव होतं आणि नावापुढे एक दिवा. खाली जाताना माणूस पहिल्या खिडकीशी कार्ड टेकवी, दिवा लाल होई. वर आल्यावर दुसऱ्या खिडकीशी टेकवी, दिवा हिरवा होई. हे सगळं भिंगरीच्या आईनं लिहिलं होतं. ती प्रोग्रामर होती आणि दर शनिवारी खाणीवरचे कॉम्प्युटर तपासायला येई. शाळेला सुट्टी म्हणून भिंगरी तिच्याबरोबर असे. हेच लाल-हिरवे दिवे आईनं एका वेब पानावरही आणले होते. ऑफिसात, दवाखान्यात, बचाव पथकाच्या गाडीत, जो कुणी ते पान उघडेल त्याला खाली कोण आहे ते त्याच क्षणी कळे.

बारा वाजून वीस मिनिटांनी खाणीच्या तिसऱ्या पातळीवर छत खचलं, तेव्हा नऊ दिवे लाल होते. अडीच वाजता नववा माणूस बाहेर आला आणि शेवटचा लाल दिवा हिरवा झाला.

"पोरी, सगळे हिरवे?" खिडकीशी बसलेल्या हजेरीकाकांनी मागं न बघता विचारलं. सव्वीस वर्षं त्या खुर्चीवर बसून त्यांनी माणसं खाली पाठवली होती आणि वर मोजून घेतली होती.

"सगळे हिरवे, काका."

नववा माणूस म्हणजे मुकादम होता. आपली सगळी माणसं पुढं घालून तो शेवटी निघाला होता. त्याच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. कुणी तरी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, पण ती तोंडाला लावायच्या आधी तो खिडकीशी थांबला.

"आणि आमची जोडी?"

"अकरा दहालाच वर आलीय," हजेरीकाका म्हणाले. "थोरल्याच्या डोळ्यात कचरा गेला म्हणून दवाखान्यात नेलाय. मग धाकटा मागं कशाला राहतो? तुम्ही खाली ढिगारे उपसा, ते दोघं पलंगावर लोळत असतील."

मुकादमानं वाकून स्क्रीनकडे पाहिलं. दोन भावांची नावं एकाखाली एक होती, पुढे दोन हिरवे दिवे. तो हसायला गेला आणि खोकल्यानं वाकला. मग घटाघटा पाणी प्यायला.

एकही दिवा लाल उरला नव्हता, म्हणून बचाव पथकाच्या प्रमुखानं तिसऱ्या पातळीची वीज तोडायला सांगितली. छत पडताना तारा तुटतात, एखादी ठिणगी पुरते. रिकाम्या बोगद्याची वीज तोडणं शहाणपणाचंच असतं. विजेबरोबर तिथला हवेचा पंखा थांबला. इतका वेळ जमिनीखालून येणारी घरघर बंद झाली, तेव्हाच ती होती हे भिंगरीच्या लक्षात आलं.

त्या दोघा भावांबद्दल सांगायला हवं. खाणीवर त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणत. एका घरात राहत, एका पाळीला येत, तिसऱ्या पातळीवरच्या आडव्या बोगद्याच्या अगदी टोकाला दोघंच काम करत. थोरला कमी बोलायचा, आणि त्याच्या वाटणीचं धाकटा बोलायचा. "एकाच्या नाकावर माशी बसली की दुसरा शिंकतो," असं हजेरीकाका म्हणत. धाकटा भिंगरीची थट्टा केल्याशिवाय कधी खाली उतरला नाही. कार्ड टेकवलं की खिडकीत डोकं घालून म्हणायचा, "भिंगरे, आज माझा दिवा संध्याकाळपर्यंत लालच ठेव. बायको चिडलीय, घरी जायची सोय नाही."

ती बायको एक वाजता धावत आली होती. हाताला साबणाचा फेस तसाच. फाटकाशी बायकांची गर्दी होती, पण ती थेट खिडकीशी आली आणि गज धरून उभी राहिली. हजेरीकाका टेलिफोनवर होते. भिंगरीनंच स्टुलावरून बोट दाखवलं.

"काकू, तो बघा. हिरवा आहे. काका वर आलेत."

ती त्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग पदरानं हात पुसले, भिंगरीच्या गालाला गजांतून बोट लावलं आणि इतर बायकांच्या नजरा चुकवत निघून गेली. ज्यांचे दिवे लाल होते त्यांच्यासमोर सुटकेचा श्वास टाकायला तिला लाज वाटत होती.

चार वाजायच्या सुमारास थोरला आला. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा लालभडक. दवाखान्यात डोळा सुन्न करून पोलादाची कपची काढली होती आणि गुंगीचं औषध देऊन झोपवलं होतं. जागा झाल्यावर नर्सनं छत पडल्याचं सांगितलं, तसा तो तिथून चालत निघाला होता.

"धाकटा कुठाय?"

हजेरीकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझ्याबरोबर नव्हता?"

"नाही. तो म्हणाला, तू हो पुढं, मी एवढं टेकू लावून येतो." थोरल्यानं दारातच चौकटीला हात टेकला. "घरी नाही. आताच घरून आलो. ती म्हणते तो माझ्यासोबत दवाखान्यात आहे."

"हे बघ," हजेरीकाका म्हणाले, पण आवाज बदलला होता. "अकरा दहा. तेव्हा मी पाणी प्यायला उठलो होतो, पण यंत्रात तुझं अकरा दहा, त्याचंही अकरा दहा. वर आलाय तो. कुठं तरी असेल. नळावर बघितलंस? सामानाच्या खोलीत?"

थोरल्याला एका डोळ्यानं स्क्रीन नीट दिसत नव्हती. तो जवळ गेला, अगदी नाक लागेल इतका जवळ, आणि भावाच्या नावावर बोट ठेवून उभा राहिला.

आता इथं जरा थांबा, कारण भिंगरी थांबली. तिनं टेबलावरचा माउस ओढला आणि थोरल्याच्या नावावर क्लिक केलं. नावावर क्लिक केलं की वेळ सेकंदासकट दिसे. अकरा, दहा, एकेचाळीस. मग धाकट्याच्या. अकरा, दहा, एकेचाळीस. तिनं आदल्या दिवसाचं पान उघडलं. खाली जाताना दोघांचा सेकंद एकच, वर येताना एकच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. आता विचार करा: दोन माणसं पाठोपाठ आली, तरी पहिल्यानं कार्ड उचलावं, दुसऱ्यानं खिशातून काढावं, टेकवावं, दोन-तीन सेकंद जातातच. रोजच्या रोज दोघांचा सेकंद एक कसा येईल?

आई तेवढ्यात आवारातून आत येत होती, हातात नऊ नावांचा कागद, प्रत्येक नावापुढे खूण. तिला वाटत होतं दिवस संपला.

"आई," भिंगरी म्हणाली. "डबा एकच आहे."

हे समजायला तुम्हाला सहा महिने मागं यावं लागेल. तेव्हा शंभरावर माणसांची माहिती पहिल्यांदा भरायची होती. आई कोड लिहीत होती आणि भिंगरी शेजारी बसून एकेकाची माहिती भरत होती: नाव, कार्डाचा नंबर, घर, घरचा फोन. थोरल्याचं भरून झालं आणि धाकट्याचं आलं, तेव्हा ती कंटाळली. सगळं तेच परत. "‘याच्याच घरातला’ असं एक बटण का नाही?" तिनं विचारलं. आईला कल्पना आवडली. जेवायला उठायच्या आधी, घाईघाईत, तिनं ते बटण करून दिलं. भिंगरीनं त्या दिवशी ते सहा घरांसाठी दाबलं.

संध्याकाळी बटण आतून कसं चालतं हे तिनं विचारलं, तेव्हा आईनं पेन्सिलींचा डबा घेतला आणि त्याला दोन दोऱ्या बांधल्या. एका दोरीला भिंगरीच्या नावाची चिठ्ठी, दुसरीला आपल्या नावाची.

"तुझ्या डब्यातून दोन पेन्सिली काढ. काढल्यास? आता माझ्या डब्यात किती राहिल्या?"

"तेवढ्याच. डबा एकच आहे की."

"हा रेफरन्स. दोरी नवी, चिठ्ठी नवी, डबा तोच." मग आईनं दुसरा डबा आणून त्यात तितक्याच पेन्सिली भरल्या. "आणि ही कॉपी. आता तुझ्या डब्यात तू काय करशील ते तुझं."

"मग दोरी कधी बांधायची?"

आईनं दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले. मग सांगू लागली, की एकाचं बदललं म्हणजे दुसऱ्याचंही आपोआप बदलायलाच हवं, असं खरोखर असेल तिथं. दोघा भावांचं घर एक आहे. उद्या घर बदललं, फोन बदलला, तर एका जागी दुरुस्त केलं की दोघांचं बरोबर व्हायला हवं. घराला दोन दोऱ्या बांधाव्यात. पण आळस म्हणून दोरी बांधू नये. जे ज्याचं त्याचं, त्याला ज्याचा त्याचा डबा. एकाला ताप आला तर दुसऱ्याचं अंग गरम होत नाही.

"आणि एक जेवला तर दुसऱ्याचं पोट भरत नाही," भिंगरी म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

आईला नियम माहीत नव्हता असं नाही. बटण दाबलं की थोरल्याच्या माहितीच्या कागदाची नवी प्रत निघे. नाव नवं, नंबर नवा. पण त्या कागदात दोन डबे होते, एक घराचा, एक हजेरीचा, आणि प्रत काढताना यंत्र डबे नवे करत नाही, नुसत्या दोऱ्या पुढं देतं. घराची दोरी राहायला हवी होती. हजेरीची तोडून नवा डबा द्यायला हवा होता. ती एक ओळ लिहायची राहून गेली. भाऊ रोज बरोबर खाली जात, बरोबर वर येत, म्हणून सहा महिन्यांत कुणालाच काही दिसलं नाही.

आईनं स्क्रीनवरचे दोन आकडे वाचले. हातातला कागद तिनं टेबलावर ठेवला, कडेला लावून, सरळ. मग ती धावली. आवारातून पळणारी आई भिंगरीनं त्याआधी कधी पाहिली नव्हती.

थोरला कुणालाच काही न विचारता खाणीच्या तोंडाकडे चालू लागला होता. दोघांनी त्याला धरून ठेवलं.

पंखा लगेच सुरू करता येत नाही. दीड तास बंद राहिलेल्या बोगद्यात काय साचलं असेल ते आधी बघावं लागतं, नाहीतर पहिल्या ठिणगीला सगळंच जातं. बघायला पाऊण तास गेला. हेल्मेटं काढून ठेवलेली माणसं पुन्हा हेल्मेटं चढवून खाली उतरली. मुकादम त्यांच्यात होता. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. टोकाच्या बोगद्यापर्यंतचा ढिगारा उपसायला दुसरी सकाळ उजाडली.

नऊ वाजता धाकट्याला वर आणलं. त्याच्या अंगावर मोठी जखम नव्हती; पंखा थांबल्यावर त्याला हवा पुरली नव्हती. तो टेकूच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत भिंतीला पाठ लावून बसलेला सापडला. पाण्याची बाटली शेजारी. जेवणाचा डबा अर्धा खाल्लेला. उरलेला अर्धा झाकण नीट दाबून ठेवलेला. मुकादमानं तो डबा कुणाच्या हातात दिला नाही. स्वतःच बगलेत धरून उभा राहिला, आणि धाकट्याची बायको आली तेव्हा त्याला तो लपवायला जागा मिळेना. तिनं आधी डब्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीत भिंगरी उभी होती. बाई काही बोलली असती तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

साडेनऊला मॅनेजर हजेरीच्या खोलीत आले. तेही रात्रभर झोपले नव्हते. शर्टाची एक बाही वर, एक खाली. दार लोटून घेऊन ते आईशी हळू आवाजात बोलले. दुपारी तपासणीची माणसं यायची होती. त्याआधी दहा वाजता पंपवाले खाली उतरणार होते, कारण पाणी थांबत नाही, ते रोज उपसावंच लागतं. पंपवाल्यांत एक बापलेक होते, एकाच घरातले.

"तेव्हा तुमची ती ओळ दुरुस्त करून टाका," मॅनेजर म्हणाले. "आत्ताच. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"दुरुस्त केली तर तपासणीवाल्यांना काय दिसेल?" आईनं विचारलं.

मॅनेजरांनी खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाजवळच्या बाकावर थोरला बसला होता. "थोरल्यानं दोघांची कार्डं टेकवली असतील. असं करतात ही लोकं, तुम्हाला माहीत नाही. धाकट्याचं कार्ड अजून सापडलेलं नाही. त्यालाच विचारा, तो नाही म्हणत नाही."

ते खरं होतं. सकाळी कुणी तरी थोरल्याला तसं विचारलं होतं, आणि त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं होतं. मग म्हणाला होता, "डोळ्यात आग पेटली होती. मला काही दिसत नव्हतं. टेकवलं असेल दोघांचं. सवयीनं टेकवलं असेल."

मॅनेजर गेले. आई खुर्चीत बसली. तिनं कोड उघडला, ती जागा शोधली. फार शोधावं लागलं नाही. तिथं एक ओळ हवी होती, तिच्या करंगळीएवढी. ती लिहिली तर बापलेक सुरक्षित, आणि यंत्रात दोष होता हे फक्त तिला माहीत. नाही लिहिली तर दोष जिथल्या तिथं, सगळ्यांना दिसेल असा, पण मग बापलेक त्याच दोषाच्या भरवशावर खाली उतरणार. आईची बोटं की-बोर्डवर होती आणि हलत नव्हती.

"आई, ते बटण मी मागितलं होतं," भिंगरी म्हणाली.

"तू बटण मागितलंस. लिहिलं मी." आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. "हे दोन वेगळे डबे आहेत. त्यांना एक दोरी बांधू नकोस."

हजेरीकाका कोपऱ्यात पाठमोरे बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक जुनी लाकडी फळी होती, अजून कुणी काढली नव्हती. डावीकडे ‘खाली’, उजवीकडे ‘वर’, आणि दोन्हीकडे नंबर घातलेले खिळे. स्क्रीन यायच्या आधी प्रत्येक माणसाचा एक पितळी बिल्ला असे. खाली जाताना त्यानं तो स्वतःच्या हातानं डाव्या खिळ्याला लावायचा, वर आल्यावर उजव्या. बिल्ले आता काकांच्या खणात बिस्किटांच्या डब्यात पडले होते. काम नसलं की काका ते घासत बसत. "तुझ्या आईचं यंत्र पाणी प्यायला उठत नाही, एवढं खरं," असं एकदा ते म्हणाले होते, "पण त्याला हातात धरून बघता येत नाही."

भिंगरीनं खण ओढला. बिस्किटांचा डबा काढून टेबलावर उपडा केला. पितळ खणखणलं तसे काका वळले. सहा घरं तिला पाठ होती. बटण तिनंच दाबलं होतं. पंपवाला बाप, त्याचा मुलगा. हेल्मेटच्या दिव्यांच्या खोलीतले मामा-भाचे. तिनं सगळ्यांचे बिल्ले वेगळे काढले आणि त्यातले बापलेकांचे दोन बिल्ले घेऊन काकांसमोर धरले.

"काका, पंपवाल्यांना हे द्या. यंत्र आज राहू दे आहे तसं. एकेकाला आपल्या हातानं लावू दे."

काकांनी बिल्ल्यांकडे पाहिलं, मग आईकडे. उठले, स्टूल ओढलं आणि आपल्या बाहीनं फळीवरची धूळ पुसू लागले.

आईनं की-बोर्डवरून हात उचलले. कोड तसाच उघडा ठेवून तिनं टेबलावरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन दाराच्या बाजूला वळवली, आत येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसेल अशी. मग एक कोरा कागद घेतला आणि वर तारीख घातली. त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं.

दहाला पंपवाले आले. बापानं बिल्ला लावला, मुलानं लावला, दोन खिळ्यांना दोन.

टेबलावर उरलेल्या बिल्ल्यांत धाकट्याचा होता. भिंगरीनं तो उचलला. काकांनी तो इतरांपेक्षा जास्त घासलेला असावा. त्यात खिडकी दिसत होती. ती फळीपाशी गेली. ‘वर’च्या बाजूला त्याच्या नंबराचा खिळा होता, भावाच्या खिळ्याशेजारी, वेगळा. तिनं बिल्ला तिथं लावला. थोडा वेळ बघितलं. मग काढून मुठीत घेतला.

बाहेर ऊन वाढलं होतं. बाकावर थोरला तसाच बसून होता, पट्टीखालून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. भिंगरी त्याच्या शेजारी बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. तिनं त्याचा हात उघडला, खूप जड होता तो, त्यावर बिल्ला ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"काका," ती म्हणाली, "जरा डोळे मिटा. एक डबा आहे असं समजा. आणि त्याला दोन दोऱ्या बांधल्यात."